आफ्रिकेतला मलावी गरीब का? समुद्र नाही म्हणून, की राज्यकर्ते तसले म्हणून?

दिगंत: आपल्या वरणातली थोडी तूर मलावीची असते. २०२१ मध्ये भारताने करार केला, वर्षाला ५० हजार टन, पाच वर्षं. ती आधी शेजारच्या मोझांबिकच्या बैरा किंवा नकाला बंदरापर्यंत न्यावी लागते. खत, डिझेल त्याच वाटेने आत येतं. २०१० मध्ये अध्यक्ष बिंगु वा मुथारिका यांनी शिरे नदीवर न्सान्जे बंदर बांधलं. शिरेतून झांबेझी, तिथून समुद्र. उद्घाटनाला झिम्बाब्वेचे अध्यक्ष मुगाबेसुद्धा हजर. फक्त माल आणणारी बार्ज पोचली नाही, मोझांबिकने अडवली. शेताची वाट अडवली तर तहसीलदाराकडे दावा लावता येतो. देशाने कुणाकडे जायचं?

खडूस_काका: असहमत. बोट्सवानाला कुठे समुद्र आहे? तरी तो मलावीपेक्षा सधन. मलावीत पहिले अध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा तीस वर्षं खुर्चीला चिकटून होते. नंतर २०१३ चं 'कॅशगेट': सरकारी बाबूंच्या गाड्यांतून नोटा निघाल्या. त्या काय मोझांबिकने ठेवल्या होत्या?

रानवाट: काका, बोट्सवानाचे हिरे विमानाने जातात, तंबाखूच्या गाठी नाही जात. मलावीची निर्यात मुख्यतः तंबाखूवर. लिलावाच्या दिवसांत डॉलर येतात, ते संपले की डिझेल आणायला पैसे नाहीत, पंपावर रांगा. नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉलर ११८० क्वाचांवरून (क्वाचा म्हणजे तिथलं चलन) एका फटक्यात १७०० वर नेला, तरी रांगा हटल्या नाहीत.

खडूस_काका: पण तंबाखूच का? बांडांच्या स्वतःच्या कंपनीचे तंबाखूचे मळे होते, म्हणून! नकाशाला कशाला दोष देता?

दिगंत: बरं, राज्यकर्ते बदलून पाहिलेच की त्यांनी. २०१९ च्या निवडणुकीत निकालपत्रांवर चक्क व्हाइटनर फासलेला निघाला. कोर्टाने निवडणूक रद्द केली, २०२० मध्ये विरोधी पक्षाचे चक्वेरा अध्यक्ष म्हणून आले. (आफ्रिकेत असं क्वचितच घडतं, हेही लक्षात घ्या.) डिझेलची बोंब मात्र तीच. २०२५ मध्ये वैतागून लोकांनी जुन्याच अध्यक्षांना, बिंगुंचे भाऊ पीटर मुथारिकांना, परत बसवलं.

खडूस_काका: म्हणजे दोघंही नालायक निघाले, एवढंच सिद्ध झालं.

यवतमाळकर: चालू द्या तुमचं. ती तूर बिनशुल्क उतरते तेव्हा आमची बाजार समितीत हमीभावाखाली जाते. आम्हाला तर रस्ता आहे, न्हावाशेवाही आहे. मग आमचं घोडं कुठे अडलंय, काका?