बाजेवर बसून उपदेश करणाऱ्या साहेबांना

शिफ्टवाला वाळूज:
परवा एका साहेबांनी लिहिलं होतं. तहसीलमधली 26 वर्षांची नोकरी सोडून वयाच्या 51 व्या वर्षी गावी परतले, परभणी जिल्ह्यात. बाजेवर मांडी घातलेला फोटो, मागं लिंबाचं झाड, हातात कपबशी. खाली ओळ: 'राजीनामा फेकला आणि मोकळा झालो. पिंजऱ्याचं दार उघडंच असतं, भित्रे लोक आत बसून राहतात.' दीडशे जणांनी हात जोडले. मी सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला घरी आलो, पिठलं गरम करता करता वाचलं, तेव्हापासून डोकं फिरलंय ते फिरलंयच. म्हणून हे लांबडं लिहायलो.

साहेब, तुम्ही 1999 ला लागलात. म्हणजे जुनी पेन्शन. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता, तुमच्या माघारी वहिनींना कुटुंबनिवृत्तिवेतन. तुमच्या त्या दाराच्या पलीकडंही पंखा चालूच आहे की.

नोकरी सुटणं काय असतं ते मी सांगतो. 2003 ला वाळूजला चिकटलो. एकाच कंपनीत 14 वर्षं, प्रेसशॉपला. 2017 ला बोर्डावर कागद लागला: स्वेच्छानिवृत्ती योजना. एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कागद, पाण्याचा ग्लास, आणि टोपण काढून ठेवलेला पेन. माझ्या आधीचा गडी दोन मिनिटांत बाहेर आला तो सरळ सायकल स्टँडकडं गेला, डबा आतच राहिला त्याचा. स्वेच्छा कुणाची होती ते तुम्हीच ठरवा. पुढं ठेकेदाराकडं तेच काम, पगार निम्म्यावर. पीएफची पेन्शन 58 ला किती बसेल त्याचा हिशोब पोरानं काढून दिला: महिन्याला चार हजाराच्या आत. पन्नाशीला उचलायची म्हटली तर जितकी वर्षं आधी तितके चार-चार टक्के कापणार. मी 45 चा. आता सांगा, कुठलं दार?

नोकरी खुशाल सोडा. आम्हाला भित्रे म्हणू नका.

बालाघाटचा:
दुसऱ्याच्या ताटात तूप किती हे मोजण्यातच आपला मराठवाडा मागं राहिला. त्या माणसानं तुमचं काय घेतलं? सव्वीस वर्षं घासली, कमावली पेन्शन, आता बसेल बाजेवर नाहीतर झोपेल.

आमचे दादा केंद्रप्रमुख होते. 58 पुरे करायचेच म्हणून बसले. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आधीच आणून ठेवली होती, रिटायर झालो की माळावर सीताफळ लावतो म्हणून. मे महिन्यात निरोप समारंभ झाला, दिवाळीत गेले. नळ्या अजून माळवदाखालच्या खोलीत पडून आहेत, उंदरांनी कुरतडलेल्या. तुमच्या हिशोबात हे कुठं बसतं?

शिफ्टवाला वाळूज:
दादांचं वाईट वाटलं, मनापासून. पण तुमचे दादा थांबले ते स्वतःच्या मर्जीनं. मला मर्जी आहे का, हा प्रश्न आहे. आणि मराठवाडा माझ्या ताट मोजण्यानं मागं राहिला असेल तर उद्यापासून मोजत नाही, होऊन जाऊ द्या विकास.

कोषागार मामा:
दोघंही जरा दम धरा. माझा आक्षेप वेगळाच आहे आणि तो कुणाच्याच ध्यानात आलेला नाही. त्या गृहस्थांनी 'राजीनामा' हा शब्द वापरला आहे. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत! 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांत नियम 66 बघा: 20 वर्षं अर्हताकारी सेवा (म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी), तीन महिन्यांची नोटीस, निवृत्तिवेतन मिळतं. आणि नियम 46: राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त. सगळी. म्हणजे गृहस्थांनी खरंच राजीनामा 'फेकला' असेल तर त्यांना दमडी मिळणार नाही, आणि पेन्शन घेत असतील तर त्यांनी राजीनामा दिलेलाच नाही. दोन्ही मिरवता येत नाही.

शब्दाचा कीस काढतो म्हणाल. आमच्या शेजारच्या कार्यालयात एक लिपिक होता, 21 वर्षं सेवा. साहेबाशी वाजलं, रेघोट्या पानावर चार ओळी खरडल्या: 'मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.' साहेब टपलेलाच होता. संध्याकाळच्या आत मंजूर. राग उतरल्यावर हा माझ्याकडं आला, मामा काही करा म्हणाला. मंजूर व्हायच्या आत मागं घेतला असता तर गोष्ट वेगळी होती. त्याच्याकडं एक दुपार होती, ती त्यानं चहाच्या टपरीवर साहेबाला शिव्या देण्यात घालवली. पुढं मुलाच्या मोबाइल दुकानात बसायचा. 'फेकला' वगैरे लिहिणाऱ्यांनी याचं भान ठेवावं, कुणीतरी पोरगं वाचून खरंच फेकेल.

2005 चा बळी:
मामा, पेन्शनचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात मोठा अन्याय कुणावर झाला ते लिहितो. 1 नोव्हेंबर 2005. या तारखेपासून लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. ही तारीख माझ्या पोरांना वाढदिवसासारखी पाठ आहे. आधी लागला तो जावई, नंतर लागला तो सावत्र. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना तीन हजारावर राबलो, वर ही भेट. मार्च 2023 ला संपावर बसलो, सात दिवस 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ओरडून घसा बसला. पुढं सरकारनं 2024 ला 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी भरतीची जाहिरात निघालेल्यांना जुनी पेन्शन घ्यायचा विकल्प दिला. आणि माझी जाहिरात? नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली. मी कुठला नवा अध्याय सुरू करू?

शिफ्टवाला वाळूज:
गुरुजी, तुम्ही सात दिवस संप केलात, आठव्या दिवशी शाळा तिथंच होती. आम्ही एक दिवस बसलो तर गेटवर फोटो लागतो, यांना आत सोडू नये. सावत्र म्हणायचं तर आम्ही कोण, अनाथ?

2005 चा बळी:
कामगार-कामगार भांडा, सरकारला तेच पाहिजे. तुमच्या पोरांना शिकवणारा मीच आहे हे विसरू नका.

शिफ्टवाला वाळूज:
माझी पोरं ट्यूशनला जातात.

तुतीवाला अंबड:
झालं का? पेन्शनवाले, अर्धे पेन्शनवाले, चार हजारवाले, सगळे रडून झाले असतील तर ज्याला काहीच नाही त्याचं ऐका. केंद्राच्या पीएम किसानचे सहा आणि राज्याच्या नमोचे सहा, वर्षाला बारा हजार, हीच माझी पेन्शन, तीही सातबाऱ्याचं आधार जुळलं तर.

मला चीड त्या 'गावाकडं शांतता आहे' वाल्यांची येते. आणि बालाघाटच्या दादांचीही माफी मागून सांगतो, रिटायर झाल्यावर करायची गोष्ट म्हणजे शेती, हे तुम्हाला शिकवलं कुणी? मी पतसंस्थेतली 16 वर्षांची नोकरी 2019 ला सोडली. पेन्शन नाही, मागं कुणी नाही, रेशमाच्या अळ्यांसाठी सव्वा एकर तुती आणि वीस बाय पन्नासचं शेड. आधी लोक कोष विकायला रेल्वेनं कर्नाटकात रामनगरमला जायचे, 2018 ला जालन्यात कोषांचा बाजार झाला म्हणून धाडस केलं. पहिल्या दोन बॅचा झकास. तिसऱ्या बॅचला दोनशे अंडीपुंज (अळ्यांच्या अंड्यांचे पुंजके) होते. चौथी कात झाली, अळ्या उठल्या, आता सात-आठ दिवस नुसतं खाणार, दिवसाला तीन वेळा फांद्या टाकायच्या. बायको आणि मी पाळीनं झोपायचो. सकाळी पाला टाकला. दुपारी शेडात गेलो तर अळ्यांनी माना वर केलेल्या आणि तोंडातून हिरवं पाणी. संध्याकाळी रॅकवर फावडं चालवायची वेळ. शेजाऱ्यानं आदल्या दिवशी कपाशीवर फवारा मारला होता, वारं माझ्या तुतीकडं. वासही आला नव्हता पाल्याला.

भांडणार कुणाशी? बोंडअळी त्याच्याही मानगुटीवर. आता ठरलंय, फवारायच्या आधी तो फोन करतो, मी बांधाकडच्या चार ओळींचा पाला त्या बॅचला तोडत नाही. एवढं शहाणपण यायला एक अख्खी बॅच गेली. बाजेवर बसायला मिळालं नाही अजून.

बालाघाटचा:
तरी नोकरीवर परत गेला नाहीत ना? मग झालं की माझंच म्हणणं सिद्ध.

तुतीवाला अंबड:
परत घेतलं असतं तर गेलो असतो. पतसंस्थाच बुडाली. घ्या, सिद्ध करा.

उषा, नर्सिंगवाली:
वरपासून खालपर्यंत वाचलं. सगळे पुरुष, आणि घरातल्या बाईला विचारलं का हे एकानंही लिहिलं नाही. तुतीवाल्या दादांनी निदान बायकोला पाळीनं झोपवलं तरी.

आमच्या ह्यांनी 2015 पासून तीन नवे अध्याय केले. आधी म्हशी. मग हायवेला हॉटेल. सध्या डाळीचं युनिट, त्याचं मशीन अंगणात ताडपत्रीखाली आहे, थ्री फेज यायची आहे म्हणे. प्रत्येक वेळी 'आता आपलं स्वतःचं' म्हणतात. अध्याय त्यांचे, हप्ते माझ्या पगारातून. सोळा वर्षं नाइट ड्यूटी करते, मलाही वाटतं एखादा अध्याय लिहावा. कधी लिहू? मी सोडली तर तुमच्यासारखे दीडशे जण हात जोडतील का, का 'चांगली सरकारी नोकरी सोडली, डोकं फिरलं बाईचं' म्हणतील? त्या बाजेवरच्या साहेबांच्या घरी दिवाबत्ती कुणाच्या पगारावर चालली आहे तेवढं कुणीतरी विचारा.

बालाघाटचा:
ताई, याला उत्तर नाही माझ्याकडं. (आमच्या घरी मी एलआयसीची नोकरी सोडतो म्हणालो तर हिनं भाकरी थापायची थांबवली होती. पुढं विषय काढला नाही.)

शिफ्टवाला वाळूज:
म्हणजे इतका वेळ तुम्ही नोकरीत बसून माझ्याशी भांडायलात?

गावाकडचा:
मीच तो बाजवाला. तीन दिवस वाचायलो, लिहू का नको चालू होतं.

मामा, अर्ज नियम 66 चाच होता. राजीनामा लिहिलं कारण ते जोरात वाटलं. चुकलं. बाज चुलत्याची आहे, माझ्या घरात पत्र्याखाली अजून बसायची सोय नाही. उषाताई, बायको शहरातच आहे, शाळेवर. पोरीची बारावी आहे आणि माझं पेन्शनचं प्रकरण अजून वरती पडलंय, तेव्हा हो, दिवाबत्ती तिच्याच पगारावर. विचारलं होतं. ती म्हणाली, दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी बघू म्हणून.

आता भित्र्यांबद्दल. शेवटची बारा वर्षं माझ्याकडं शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणांचं टेबल होतं. पात्र का अपात्र, त्याचं टिपण मी लिहायचो, समिती सही करायची. पात्र ठरलं तर एक लाख, तीस हजार हातात, सत्तर हजार बँकेत ठेव. एका बाईच्या नवऱ्याचं कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचं, म्हणून अपात्र. कागदाप्रमाणं बरोबरच होतं. खिडकीतून तिला मीच सांगितलं. ती रडली नाही, का म्हणून विचारलं नाही. पिशवीची गाठ सोडत म्हणाली, दादा, झेरॉक्स परत भेटतील का, पैसे पडलेत. झेरॉक्स फाइलला लागलेल्या असतात, देता येत नाहीत. ते पण मीच सांगितलं.

हे फोटोखाली कसं लिहिणार? म्हणून पिंजरा लिहिला.

शिफ्टवाला वाळूज:
साहेब, हेच लिहायचं होतं. पिंजरा, दार, लिंबाचं झाड कशाला मधे? हे लिहिलं असतं तर मी पिठलं खाऊन गप झोपलो असतो.

भित्रे हा शब्द माघारी घ्या. मी पंख्याचं माघारी घेतो. महागाई भत्त्याचं घेणार नाही.

गावाकडचा:
घेतला. भत्ता सुरू झाला की चहा पाजतो.

उषा, नर्सिंगवाली:
दोन वर्षं म्हणाली ना, तारीख लिहून ठेवा. आमच्यात कुणी लिहून ठेवली नव्हती.

तुतीवाला अंबड:
गावात करणार काय पण? तुती लावायची तर आधी शेजारी काय पेरतो ते बघा, मग माती बघा.

गावाकडचा:
शेजारी सोयाबीन. ह्या सप्टेंबरात सगळं पाण्यात गेलं त्याचं.

तुतीवाला अंबड:
सोयाबीनवरही फवारा असतोच. बांधाला उंच शेवरी लावून घ्या आधी. आणि चुलत्याची बाज परत करा.

सर्व्हेवाला धाराशिव:
मामा आहेत का अजून? विषय सोडून विचारायलो. माझी जाहिरात सप्टेंबर 2005, हजर झालो 2007 ला. जुनीचा विकल्प मुदतीत भरला, अजून आदेश नाही. कार्यालयात विचारलं तर म्हणतात वरती पाठवलंय.

2005 चा बळी:
सप्टेंबर! नशीब लागतं.

कोषागार मामा:
विकल्पाची पोच आहे का?

सर्व्हेवाला धाराशिव:
आहे. शिक्का पुसट आहे.

कोषागार मामा:
पुसट चालतो, तारीख दिसली पाहिजे. पोचेची प्रत लावून लेखी स्मरणपत्र दे, तोंडी विचारू नको. 'वरती' म्हणजे कुठं, जावक क्रमांक काय, ते त्यातच विचार. आणि तुझ्या कागदावर आवक क्रमांक पडेपर्यंत खिडकी सोडू नको, जेवायची सुट्टी झाली म्हणाले तरी.