१८६६ विसरू नका
नेहमी सांगितलं जातं की कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हे ओळखणाऱ्या डॉ. जॉन स्नोने १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला आणि लंडनचा कॉलरा संपला. स्नो थोरच, पण दांडा निघाला तेव्हा ती साथ आधीच ओसरू लागली होती, आणि १८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला. एकट्या पूर्व लंडनमध्ये साडेपाच हजारांवर माणसं गेली. तीही बहुतेक गोदीकामगार, मजुरांच्या वस्तीतली.

तिथेच का? अभियंता बॅझलजेटची भुयारी गटारं बाकी शहरात सुरू झाली होती, पूर्वेकडचं काम मात्र अपुरं होतं. आकडेवारीतज्ज्ञ विल्यम फारने मृत्यूंची नोंद पाणी कोणत्या कंपनीचं येतं त्यानुसार लावली, तेव्हा बोट ईस्ट लंडन वॉटर कंपनीकडे गेलं. गाळलेलंच पाणी देतो, असं कंपनी ठासून सांगत होती. पण लोकांच्या घरच्या नळात चक्क ईल मासे सापडले! उघड्या तळ्यातलं पाणी न गाळता सोडलं जात होतं. घरगुती पाणी गाळूनच द्यायचं, हा कायदा १८५२ चा. म्हणजे ज्ञान होतं, कायदाही होता, अंमलबजावणीच नव्हती. त्याची किंमत गरिबांनी मोजली, याचा आजही संताप येतो.