साल्ब्युटामॉलने श्वासनलिकेतली गळती कमी होते की फक्त रंग कमी भरतो?

निळीशाई
गिनीपिगमध्ये हिस्टामिन देऊन श्वासनलिकेतली रक्तद्रवाची गळती इव्हान्स ब्लूने (रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटणारा निळा रंग) मोजायची आहे. क्रम असा: रंग ३० मिग्रॅ प्रति किलो शिरेतून, मिनिटभराने हिस्टामिन, ५ मिनिटांनी सलाइनने रक्त धुऊन काढणं, मग रंग विरघळवून काढायला ऊतीचे तुकडे फॉर्ममाइडमध्ये. शिरेतून साल्ब्युटामॉल (दम्याच्या फवाऱ्यातलं श्वासनलिका सैल करणारं औषध) आधी दिलं की रंगाचा आकडा बराच खाली येतो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड अर्धा तास आधी दिलं तर आकडा जागचा हलत नाही. यावरून साल्ब्युटामॉल सूज रोखतं आणि स्टेरॉइड निरुपयोगी, असा अर्थ निघतो. दम्यात तर नेमकं उलटं शिकवतात. घोळ कुठे आहे?

सूक्ष्मशिरा
एक नाही, दोन घोळ आहेत.

डेक्सामेथासोनचा सोपा. स्टेरॉइडचं मुख्य काम जनुकांमार्फत चालतं, त्याला वेळ लागतो. किमान २ ते ४ तास आधी द्या. शिवाय गिनीपिग हा स्टेरॉइडला मुळातच कमी दाद देणारा प्राणी. रॅट घेतलात तर चिथावणीला हिस्टामिन नको, तिथे ते फिकं पडतं. सबस्टन्स पी (चेतातंतूंतलं न्यूरोपेप्टाइड) किंवा कॅप्सेसिन (मिरचीतलं तिखट द्रव्य) वापरा.

साल्ब्युटामॉलचा घोळ जास्त चिवट. गळती केशिकांमधून नव्हे, त्यांच्या पुढच्या सूक्ष्म शिरांमधून होते. हिस्टामिन, ब्रॅडिकायनिन, ल्युकोट्रिन डी४ यांनी तिथल्या अस्तरपेशी आकसतात, दोन पेशींमध्ये फट पडते आणि अल्ब्युमिनला चिकटलेला रंग बाहेर येतो. बीटा-२ औषध (साल्ब्युटामॉल याच गटातलं) पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढवून ही फट पडू देत नाही. हा झाला खरा परिणाम. पण शिरेतून दिलेलं साल्ब्युटामॉल रक्तदाबही पाडतं. फट तेवढीच राहिली आणि आतला दाब किंवा प्रवाह घटला, तरी रंग कमीच भरणार. उलट, अलीकडच्या धमन्या सैलावल्या तर शिरेतला दाब वाढून रंग जास्तही भरू शकतो.

बीटा रिसेप्टर अडवणारं प्रोप्रॅनोलॉल देऊन परिणाम पुसला गेला म्हणजे सिद्ध झालं, असं बरेच जण लिहितात. ते पुरेसं नाही, कारण दाब पाडणाराही बीटा-२ रिसेप्टरच! मानेच्या धमनीत कॅन्युला (बारीक नळी) घालून दाब सतत नोंदवा, आणि एका गटात हायड्रॅलाझिनने (बीटा रिसेप्टरविना रक्तवाहिन्या सैलावणारं औषध) तेवढाच दाब पाडून पाहा. त्याहून पक्कं हवं असेल तर मोनॅस्ट्रल ब्लू हा कणरूप रंग वापरा. त्याचे कण गळक्या शिरेच्या भिंतीत अडकून बसतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली किती शिरा गळक्या आहेत ते थेट मोजता येतं.

दोनफवारे
वरच्या उत्तराला रुग्णाच्या बाजूने जोड. गिनीपिगमध्ये बीटा-२ औषधं गळती रोखताना छान दिसतात, पण ती चिथावणीच्या *आधी* दिलेली असतात. रुग्ण फवारा घेतो तेव्हा रक्तद्रव भिंतीत आणि नळीत आधीच उतरलेला असतो. फवाऱ्याने स्नायू सैल होतो. साचलेला द्रव आणि त्यातल्या फायब्रिनने घट्ट झालेला कफाचा बूच मात्र तसाच राहतो. म्हणून तीव्र झटक्यात फवाऱ्यामागून फवारे घेऊनही श्वास पूर्ण मोकळा होत नाही.

माँटेलुकास्ट ही दम्याची गोळी फक्त ल्युकोट्रिनचा वाटा अडवते. हिस्टामिनच्या चिथावणीवर त्याचा प्रभाव पाहायला जाल तर शून्य मिळेल, आणि त्यात औषधाचा दोष नाही. इप्राट्रोपियमकडून (अ‍ॅट्रोपिनच्याच गटातलं फवाऱ्याचं औषध) इथे फारशी अपेक्षा नको. व्हेगस चेता उत्तेजित करून होणारी गळती अ‍ॅट्रोपिनने थांबत नाही, कारण ती संवेदी चेतातंतूंच्या न्यूरोपेप्टाइडमुळे होते. अ‍ॅड्रिनलिन अल्फा रिसेप्टरमार्फत रक्तवाहिनी आकसवून प्रवाहच तोडतं, त्याची जात वेगळी.

श्वासातून घेतलेल्या स्टेरॉइडचा एक झटपट परिणामही आहे: अर्ध्या तासात श्वासनलिकेच्या भिंतीतला रक्तप्रवाह घटतो, पण दीडेक तासात तो पूर्ववत होतो. कारण जनुकांशी संबंधित नाही. स्नायुपेशी नॉरअ‍ॅड्रिनलिन आत ओढून घेतात, ते स्टेरॉइड अडवतं. गळती खऱ्या अर्थाने आटोक्यात येते ती रोजच्या वापराने, दाहकारक रसायनं आणि व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं आणि गळक्या करणारं प्रथिन) कमी झाल्यावर. दम्यात नुसत्या साल्ब्युटामॉलवर भागवू नका असं जीनाने (दम्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं देणारी जागतिक संस्था) २०१९पासून सांगितलंय, त्यात हाही तर्क बसतो.

निळीशाई
दाब नोंदवलेला नाही, ते करतो. आणखी एक: काही नमुन्यांत फॉर्ममाइड लालसर येतं. आकडा ऊतीच्या ओल्या वजनाने भागला आहे.

सूक्ष्मशिरा
लालसर म्हणजे रक्त पुरतं धुतलं गेलेलं नाही. डाव्या जवनिकेतून महाधमनीत कॅन्युला सरकवा, उजवं अलिंद कापून वाट द्या, साधारण १०० मिमी पाऱ्याच्या दाबाने सलाइन सोडा आणि बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत थांबू नका. शिरांमध्ये उरलेला रंगही ६२० नॅनोमीटरला गळती म्हणूनच मोजला जातो. हिमोग्लोबिनची भर काढायला ७४० नॅनोमीटरलाही वाचन घ्या. फॉर्ममाइड ३७ अंशाला १८ ते २४ तास, झाकण घट्ट. प्रमाणवक्रही फॉर्ममाइडमध्येच, पाण्यात नको.

ओल्या वजनाने भागणं मात्र सोडाच. जिथे गळती जास्त तिथे पाणीही जास्त, म्हणजे छेदही वाढतो आणि फरक दबतो. श्वासनलिका, मुख्य श्वसनी आणि फुप्फुसातल्या बारीक नळ्या वेगळ्या करा, टिपकागदाने टिपा, रंग काढून झाल्यावर तेच तुकडे वाळवून कोरडं वजन घ्या.

दोनफवारे
पुढे माणसांच्या थुंकीवर जाणार असाल तर अल्ब्युमिनबरोबर अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन हे रक्तद्रवातलं प्रथिनही मोजा. रेणू इतका मोठा की तो थुंकीत दिसला म्हणजे फटी बऱ्यापैकी रुंद होत्या. थुंकी पातळ करायला डीटीटी (डायथायोथ्रिटॉल) घालतात, ते याच प्रथिनातले डायसल्फाइड बंध तोडतं. प्रमाण नमुनेही तेवढ्याच डीटीटीत करा, नाहीतर आकडा खोटा खाली येईल.