अनुभव धागा : ठुशी, नथ, पाटल्या – आपल्याला शोभेल ते कसं निवडता?

लग्नसराईत दुकानातल्या मखमली ट्रेमध्ये साज, चिंचपेटी, तन्मणी सगळंच सुंदर दिसतं. घरी आणून गळ्यात घातलं की कुठेतरी चुकल्यासारखं वाटतं. या धाग्यावर अनुभवी लोकांनी निवडीची मापं, घडणीतले बारकावे आणि नेहमी होणाऱ्या चुका लिहाव्यात ही विनंती. कुणी काय कितीला घेतलं, याच्या हकिकती इथे नकोत.

जास्वंदी
गळ्यातलं निवडताना आधी दोरा घ्या. मानेच्या मुळाशी, गळ्याच्या खळीवरून दोरा फिरवा आणि पट्टीवर मोजा. चिंचपेटी आणि वज्रटीक या मापाच्याही वर, गळ्याला लागून बसतात. मान आखूड असेल तर त्यांनी ती आणखी बुटकी दिसते. अशांनी ठुशी घ्यावी आणि मागचा गोंडा सरकवून ती खळीच्या दोन बोटं खाली सोडावी. लांब, सडपातळ मानेला मात्र वज्रटिकेसारखं दुसरं काही नाही. नुसती तेवढी एक घातली तरी पुरते.

मग ब्लाउजचा गळा पाहा. दागिना आणि ब्लाउजची कड यांच्यामध्ये निदान तीन बोटं उघडी त्वचा राहिली पाहिजे. दागिन्याची कड कापडावर अर्धवट चढली की तो सारखा उलटतो आणि जरीत अडकतो. बंद गळा किंवा बोटनेक असेल तर गळ्यालगतचं काहीच नको. कापडावरून सरळ मोहनमाळ किंवा लांब बोरमाळ सोडा. दोन सर घालायचे असतील तर त्यांच्यात दोन इंचांचा फरक हवा. त्याहून कमी ठेवलात तर तासाभरात गुंता होतो.

कोल्हापुरी साजाच्या पानड्या मोकळ्या सुट्या लोंबतात, म्हणून त्याला साधं पोत लागतं. बुट्टे भरलेल्या ब्लाउजवर त्या पानड्यांची नक्षी दिसतच नाही, पैसे वाया जातात. खणाच्या किंवा इरकलीच्या साध्या रंगावर बघा कसा उठून दिसतो.

मोरणी
बांगड्यांचं माप अंदाजाने सांगू नका. अंगठा करंगळीकडे दुमडा, हाताचा सगळ्यात रुंद भाग (बोटांच्या मुळाशी) टेपने मोजा आणि त्याला 3.14 ने भागा. घेर 18 सें.मी. आला तर व्यास साधारण 57 मि.मी., म्हणजे सव्वादोन (2-4). 19 सें.मी.ला 2-6 आणि 20 सें.मी.ला अडीच (2-8). इथे इंचाचे सोळा भाग धरतात, म्हणून 2-4 म्हणजे दोन पूर्णांक चार सोळांश इंच. दशांश समजून 2.4 इंच मागितलंत तर बांगडी जवळजवळ चार मि.मी.ने मोठी येईल.

माप संध्याकाळी घ्यावं, तोवर हात थोडे सुजलेले असतात. मळसूत्राचे तोडे असतील तर मनगटाचं माप लागतं, कारण ते उघडून घालायचे असतात. आणि पाटल्यांना लागून काचेच्या बांगड्या घालत असाल तर एक समजून घ्या : 22 कॅरेट सोनं काचेपेक्षा खूप मऊ असतं, रोज घासून नक्षी झिजते. ज्यांना हिरवा चुडा रोज हवा आहे त्यांनी नक्षीच्या पाटल्या सणाला ठेवाव्यात आणि रोजच्यासाठी गुळगुळीत घ्याव्यात.

गुंज
घडणीबद्दल लिहिते. ठुशीचे मणी बहुतेक वेळा पातळ पत्र्याचे पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. त्यामुळे हातात जड लागलं म्हणजे सोनं जास्त, असं नाही. बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. 20 ग्रॅमच्या दागिन्यात लाख-मोती-दोरा मिळून 6 ग्रॅम असेल तर सोनं 14 ग्रॅम, आणि 916 (म्हणजे 22 कॅरेट) असेल तर त्यात शुद्ध सोनं 12.82 ग्रॅम. मोडीत 14 चाच हिशोब होतो.

हॉलमार्कमध्ये तीन गोष्टी बघा : बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, शुद्धता (22 कॅरेटला 916, 18 ला 750) आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. दागिना ठुशी आणि ॲपवर अंगठी दिसत असेल तर घेऊ नका.

लाखेचा दागिना गरम पाण्यात कधीही टाकायचा नाही. लाख मऊ पडते, मणी आतून रिकामा होतो आणि मग नुसत्या दाबाने चेपतो. ज्यांना दागिना रोज घालून झोपायची सवय आहे त्यांच्यासाठी ठुशी नाहीच. त्यांनी भरीव साखळी घ्यावी.

रेशीमगाठ
मोत्यांचं माझ्याकडून. तन्मणी, कुडी, नथ हे आधी अत्तर-पावडर-केस सगळं आवरून शेवटी घालायचे आणि काढताना सगळ्यात आधी काढायचे. घाम आणि अत्तर मोत्याची झळाळी खातात. काढल्यावर मऊ सुती कापडाने पुसा आणि आडवे ठेवा. टांगून ठेवले तर रेशमी दोरा ताणून सर लांबतो. वर्ष-दोन वर्षांनी पटवेकऱ्याकडून (दागिने दोऱ्यात ओवून देणाऱ्याकडून) गाठवून घ्यावं, आणि दोन मोत्यांमध्ये गाठ मारायला सांगावं. दोरा तुटला तरी एकच मोती निसटतो, शिवाय मोती एकमेकांवर घासत नाहीत.

नथीचं खालचं टोक वरच्या ओठाला टेकलं तर ती मोठी झाली. लहान जिवणीला बानू नथ बरी. नाक टोचलेलं नसेल तर चापाची घ्या, पण आरशासमोर दहा मिनिटं घालून हसून, बोलून बघा. चाप सैल असेल तर नथ फिरते, घट्ट असेल तर नाकपुडी लाल होते. आकड्याची असेल तर आकड्याचं टोक बोटाने तपासा, खरखरीत असेल तर तिथेच घासून मागा.

जास्वंदी
कानाचं राहिलं. जड झुमक्यांना वेल (कानातल्यापासून केसांपर्यंत जाणारा सर) लावाच. वेल केसात अडकवल्यावर किंचित ताणलेला हवा. सैल लोंबत असेल तर तो नुसता शोभेचा, सगळा भार पाळीवरच पडतो आणि भोक ओघळतं. कुड्या घेताना फिरकीचे आटे दोन-तीनदा फिरवून बघा. मध्येच अडकत असेल तर ती गळून पडणारच.

मोरणी
ऑक्सिडाइज्ड चांदी घेणाऱ्यांसाठी : तो काळेपणा मुद्दाम चढवलेला असतो. चांदी उजळायच्या द्रावणात बुडवलं की तो निघून जातो आणि खोलगट नक्षी सपाट दिसायला लागते. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश आणि लगेच कोरडं कापड, एवढंच करा.