मदत हवी आहे: लघुपटातली बंदूक टिकल्यांसारखी वाजतेय

नमस्कार मंडळी,

कॉलेजातल्या आम्ही पाच जणांनी बारा मिनिटांचा लघुपट केलाय. शेवटी पेठेतल्या बोळात गोळीबार आहे. बंदुका खेळण्यातल्या, आग संगणकावर टाकलेली. दिसायला बरं जमलंय, पण आवाज घात करतोय. नेटवरून उतरवलेले चार-पाच आवाज लावून पाहिले. परवा आईने आतून विचारलं, "आत्ता कोण रे टिकल्या फोडतंय?"

डोळ्यासमोर आहे मायकल मानचा 'हीट' (१९९५). बँक लुटून टोळी लॉस एंजेलिसच्या भर रस्त्यात येते तो प्रसंग. टोळीतल्या रॉबर्ट डी नीरो आणि व्हॅल किल्मरकडे आखूड कोल्ट कार्बाइन, पोलीस झालेल्या अल पचिनोकडे बेल्जियन एफएन एफएनसी रायफल. पण बंदुकांपेक्षा मला खिळवतो तो आवाज. प्रत्येक बार उंच इमारतींवर आपटून परत येतो. तिथे स्टुडिओतले आवाज न चिकटवता, बिनगोळीच्या काडतुसांचा जागेवर टिपलेला आवाज वापरला होता. आम्हाला ती काडतुसं कुठली मिळायला! आणि मिळालीच, तर पहिली वरात चौकीवर.

सुतळी बॉम्ब फोडून मोबाइलवर टिपून पाहिला. नुसतं 'धप्प', घुमणं गायब. काय चुकतंय?

शिवाय आमचा हिरो एका पिस्तुलातून सलग ४१ गोळ्या झाडतो (काल मोजल्या). किती चालतील?

प्रतिसाद:
मोठा आवाज आला की मोबाइल आपणच लेव्हल खाली ओढतो, म्हणून आवाजाची शेपूट, म्हणजे मागचं घुमणं, कापली जाते. लेव्हल हाताने लावता येईल असा रेकॉर्डर घ्या. बॉम्ब राहू दे. रात्री सामसूम झाली की त्याच बोळात मोठा फुगा फोडा, घुमणं पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नका. तो नमुना कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (एका जागेचं घुमणं दुसऱ्या आवाजाला लावणारं सॉफ्टवेअर) घालून गोळीच्या कोरड्या, म्हणजे घुमणं नसलेल्या, आवाजावर चढवा. लांबच्या बंदुकीसाठी माइक लांब ठेवून दुसरा नमुना घ्या.
आणि ४१ काय! इशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या ९ मिमी पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये १३ बसतात. किल्मरसारखं गाडीआड वाकून मॅगझिन बदलू दे की त्याला. प्रसंगाला दमही मिळेल.

धागाकर्ता:
आभार! काल रात्री सात फुगे फोडले. बोळ अगदी जसाच्या तसा आलाय. चौथ्या फुग्याला वरच्या आजोबांनी खिडकी उघडून "कोण आहे रे तिकडे?" म्हटलं. ते वाक्य आता पिक्चरमध्ये घेतोय. १३ गोळ्यांचं एडिटिंग आज बसून करतो.