सार्वभौमत्व, ब्रिटन आणि युरोपीय संघ

सदस्यत्वामुळे ब्रिटनचे सार्वभौमत्व युरोपीय संघाकडे गहाण पडले होते, म्हणून बाहेर पडणे योग्यच झाले, हे आपले म्हणणे वाचले. त्यात एक महत्त्वाची बाजू सुटते आहे, असे मला वाटते. नॉर्वेने 1972 आणि 1994 अशा दोन्ही सार्वमतांत सदस्यत्व नाकारले, तरी सामायिक बाजारपेठेसाठी तो संघाचे बहुतांश संबंधित नियम लागू करतो, आर्थिक वाटाही उचलतो, आणि ते नियम ठरतात तेव्हा मात्र त्याला मताधिकार नसतो. ब्रिटनला तो अधिकार होता. शिवाय युरो चलन आणि शेंगेन व्यवस्था (देशादेशांतील सीमांवर पासपोर्ट तपासणी नसलेला प्रवास) या दोहोंपासून तो सदस्य असतानाच अलिप्त राहिला होता, आणि 1984 पासून त्याला वर्गणीत सूटही मिळत होती.

युरोपीय आयोग, म्हणजे संघाचे कायदे प्रस्तावित करणारी कार्यकारी संस्था, थेट लोकांनी निवडलेला नसतो, ही तक्रार मात्र रास्त आहे आणि ती मी नाकारणार नाही.

मला खरी काळजी वाटते ती उत्तर आयर्लंडची. तिथल्या न्यूरीहून शेजारच्या आयर्लंड प्रजासत्ताकातील (हा देश संघाचा सदस्य आहे) डंडॉकला जाताना सीमा ओलांडल्याची खूण म्हणजे वेगमर्यादेच्या पाट्यांवर मैलांऐवजी किलोमीटर दिसू लागणे, एवढीच. उत्तर आयर्लंडमधील हिंसक संघर्ष थांबवणाऱ्या 1998 च्या शांतता करारानंतरची ही मोकळीक ब्रिटन संघाबाहेर पडल्यावरही राखायची, तर मालाची तपासणी या सीमेऐवजी ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या सागरी वाहतुकीवर नेणे भाग पडले. त्यामुळे ब्रिटनमधून आपल्याच देशाच्या एका भागात माल पाठवताना कागदपत्रे लागू लागली. ब्रिटन आणि संघ यांच्यात 2023 मध्ये ठरलेल्या विंडसर आराखड्याने ती कमी झाली, पण संपली नाहीत. 2016 च्या ब्रिटनमधील सार्वमतात मात्र उत्तर आयर्लंडच्या 55.8 टक्के मतदारांनी संघात राहण्याच्या बाजूने कौल दिला होता.