मांजरं असं का वागतात? या, आपापले अनुभव लिहा

काल माळ्यावरून गरम कपड्यांची बॅग काढली. त्यात जुना राखाडी स्वेटर सापडला. डाव्या बाहीला कोपराच्या जरा खाली लोकर विसविशीत होऊन बोट जाईल एवढं भोक पडलंय. आमच्या मनीचं काम. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

रोज रात्री मी तो स्वेटर घालून बसले की ती मांडीवर चढणार, बाही तोंडात धरणार आणि दोन्ही पंजांनी कणीक मळायला सुरुवात. एक पंजा, दुसरा पंजा, एक पंजा, दुसरा पंजा. डोळे अर्धवट मिटलेले, घुरघुर अशी की माझ्या मांडीला कळायची. बाहीवर लाळेचा ओला डाग. पिल्लू आईचं दूध पिताना पोट असंच दाबतं आणि ती सवय मोठेपणी राहते हे माहितीये मला. पण कायम डावीच बाही! उजवी पुढे केली तर हुंगायची आणि माझ्याकडे अशी बघायची की जणू मी तिला फसवतेय. याचं उत्तर ती गेली तरी मिळालं नाही.

तुमच्याकडची मांजरं काय काय करतात?

झोपमोड: पहाटे साडेचार. रोज. नवरा शेजारी घोरतोय पण त्याला नाही, मलाच उठवणार. आधी नाकावर पंजा, नखं आत, अगदी हळू. नाही उठले तर टेबलावर जाऊन माझा चष्मा एकेक इंच कडेला सरकवत आणायचा, आणि सरकवताना चष्म्याकडे नाही, माझ्याकडे बघायचं. मांजरं पहाटे आणि दिवस मावळताना जास्त जागी असतात, शिकारीची वेळ असते वगैरे सगळं वाचून झालंय. उठून खायला दिलं की त्यांना कळतं ही युक्ती चालते, म्हणून न उठायचं ठरवलं. अकरा दिवस मी मेल्यासारखी पडून राहिले, बाराव्या दिवशी नवरा उठला आणि म्हणे बिचारा उपाशी होता.

अर्धा कप: बाराव्या दिवशी!! अरेरे, हसून हसून पुरेवाट

काठावर पास: चष्म्याला +१. आमच्याकडे पेनं. सोफा सरकवला तेव्हा खाली सतरा निघाली

मला मांजरं आवडत नाहीत: आयडी खरा आहे. बहिणीकडे गेलो की पाच माणसं सोडून ती मनीम्याव माझ्याच मांडीत येऊन बसते. केस सगळ्या पँटला. का??

रेघोट्या: @मला मांजरं, कारण तुम्ही तिच्याकडे बघत नाही. आवडणारे सगळे डोळे वटारून 'शोनू शोनू' करत अंगावर जातात. टक लावून बघणं मांजरांना धमकी वाटते. त्यापेक्षा डोळे बारीक करून हळूच मिटायचे, हळूच उघडायचे. २०२० साली इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या लोकांनी हे तपासलंय, माणसाने असं केलं की मांजरही डोळे तसेच मिटते आणि जवळ यायला जास्त तयार असते.

अर्धा कप: आत्ता करून बघितलं. ती उठून गेली. मला झोप आली.

मला मांजरं आवडत नाहीत: म्हणजे आता मी डोळे वटारून बघू का?

तिसरा जिना: आमची रिकाम्या कोपऱ्याकडे तासन् तास बघत बसायची. सासूबाई घाबरल्या, मी पण थोडी. तिसऱ्या दिवशी कपाटामागून उंदीर निघाला. आपल्याला वीस हजार हर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, मांजरांना साठ हजारांच्याही वर, त्यामुळे उंदरांचं बारीक चिवचिवणं त्यांना भिंतीपलीकडून कळतं. भूतबाधा संपली, उंदीर मात्र तिने पकडला नाही, नुसता बघितला

काठावर पास: काखेत कळसा आणि गावाला वळसा. मांजर हरवली म्हणून पावसात दोन तास फिरलो, गाड्यांखाली टॉर्च मारला, आवाज देऊन देऊन घसा बसला, लोक खिडकीतून बघतायत, घरी येऊन ओला टीशर्ट बदलायला ड्रॉवर उघडला तर बाईसाहेब त्यात, आणि उघडल्याबद्दल माझ्यावरच फिस्कारली

सुईदोरा: सगळे मजेत लिहिताय पण एक सांगते. आमचा बोका लिटर बॉक्समध्ये (शी-शूच्या वाळूच्या पेटीत) जायचा, बसायचा, बाहेर यायचा, परत जायचा. आम्हाला वाटलं पोट साफ होत नसेल, सकाळी बघू. मांडीवर घेतला तर घुरघुरत होता म्हणून निर्धास्त झोपलो. सकाळी उलटी, मग निपचित. लघवी अडकली होती. बोक्यांची मूत्रनळी फार अरुंद असते, खडे नाहीतर चिकट द्राव अडकला की एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. नळी घालून मोकळं करावं लागलं. आणि घुरघुर खुशीचीच असते असं नाही, दुखत असतानाही घुरघुरतात, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. बोका वारंवार बसतोय आणि लिटर कोरडंच आहे असं दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका.

रेघोट्या: बापरे. आता कसा आहे तो?

सुईदोरा: मस्त. आत्ता कीबोर्डवर बसलाय म्हणूनच हे असं ककककककककक;;;;;;

झोपमोड: त्याचाही अनुभव आला, धन्यवाद

जुनी छत्री: माझे मोजे हुंगते आणि मग तोंड उघडं ठेवून, वरचा ओठ मुडपून अशी बसते की शिसारी आलीय. इतका वास येतो का हो? बायको म्हणते येतो

रेघोट्या: @जुनी छत्री, शिसारी नाही. टाळूत वरच्या पुढच्या दातांमागे दोन बारीक भोकं असतात, तिथून वास आतल्या वेगळ्या अवयवापर्यंत पोचतो, त्यासाठी तोंड उघडतात. म्हणजे ती तुमचा वास नीट वाचतेय.

जुनी छत्री: बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली वाचण्यासारखं आहेच

तिसरा जिना: चपलेत पाल. जिवंत. शेपूट वेगळी, ती उशीवर. आणखी काही लिहवत नाही.

अर्धा कप: आमची केकवरचं क्रीम चाटते, गोड आवडतं बहुतेक

सुईदोरा: गोड चव कळतच नाही त्यांना, ती जीभच नाही. स्निग्धपणासाठी चाटत असेल. @धागाकर्ती, ते भोक लोकरीने रफू करून देऊ का? राखाडीत कुठली छटा? फोटो टाका, माझ्याकडे लोकरीच्या दोन गुंड्या उरल्यात

काठावर पास: गुंड्या उघड्यावर ठेवू नका, दोरा गिळतात. आतड्यात अडकतो.

सुईदोरा: डब्यात आहेत. डब्यावर बोका आहे.

धागाकर्ती: सुईदोरा ताई, नको, राहू दे. पण एक गंमत. स्वेटर खुर्चीवर टाकला होता, खालच्या मजल्यावरचा बोका खिडकीतून आला. उजव्या बाहीवरून सरळ चालत गेला. डावीपाशी थांबला, भोकात नाक खुपसलं आणि जुन्या छत्रीच्या मनीसारखा तोंड उघडं ठेवून कितीतरी वेळ बसला. सहा वर्षं झाली हो. दोनदा धुतलाय तो.

जुनी छत्री: आमची मनी नाही, तिचं नाव कॅप्टन

झोपमोड: ४:२८. चष्मा गेला.